स्मृतीचे ग्राही आणि धत्तूराचा भार

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे की, घरातील वृद्ध व्यक्ती विसरू लागली म्हणजे कोणास त्यात व्याधी दिसत नाही, केवळ वय दिसते. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाजवळ वसलेल्या, समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एकाचे स्थान असलेल्या उंब्रज गावी आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर वैद्यकी करताना आम्हांस याचा प्रत्यय वारंवार येतो. या भागातील कितीतरी घरांची कर्ती पिढी नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास असते आणि गावी उरतात ते वृद्ध आईवडील. आजोबांनी एकच प्रश्न चार वेळा विचारला, आजी दुधाचे पातेले चुलीवर ठेवून विसरल्या, तर ते टिपणारे घरात कोणी नसते. गणपतीस अथवा यात्रेस मुले गावी येतात तेव्हा बदल ध्यानात येतो. तोवर बराच काळ लोटलेला असतो.

हा प्रश्न थोड्या घरांपुरता नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा विकार असून त्यांची संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. शहरांपेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले. स्मृतिभ्रंशाच्या कारणांत अल्झायमरचा विकार अग्रभागी आहे.

असा रुग्ण आपल्याकडे आला की आपले मन साहजिकच मेध्य द्रव्यांकडे धावते. ब्राह्मी द्यावी, शंखपुष्पी द्यावी, अश्वगंधा जोडावी, असा विचार होतो. त्यात गैर काही नाही. परंतु या विकारात मेंदूच्या पेशींवरील ग्राहींमध्ये काय घडते हे पाहिले असता त्याआधीचा एक प्रश्न समोर उभा राहतो. या वृद्धाच्या पोटात आज कोणकोणती औषधे जात आहेत, आणि त्यांतील एखादे त्याच्या उरल्यासुरल्या स्मृतीचेच दार बंद करीत नाही ना? या लेखात त्याच प्रश्नाची चर्चा करण्याचे योजिले आहे.

ग्राही म्हणजे काय

मेंदूतील दोन चेतापेशी एकमेकींस प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. पहिल्या पेशीच्या टोकातून एक रासायनिक द्रव्य या फटीत सोडले जाते आणि दुसऱ्या पेशीच्या आवरणावर बसविलेली विशिष्ट प्रथिने ते ग्रहण करतात. या प्रथिनांनाच ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. निरोप्या कितीही आला, तरी निरोप घेणारा दारात नसेल तर निरोप पोहोचत नाही. तसेच दारात दुसराच कोणी ठाण मांडून बसला असेल, तरीही तो पोहोचत नाही. ही दुसरी शक्यता वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे.

स्मृतीच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे निरोप्या द्रव्य म्हणजे अॅसिटिलकोलीन. १९२१ साली ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने मज्जातंतू रासायनिक द्रव्याच्या द्वारे काम करतात हे दाखविले. त्याआधी १९१४ साली हेन्री डेल यांनी या द्रव्याची क्रिया दोन प्रकारची असल्याचे नोंदविले होते. एक क्रिया अळंबीतील मस्करिनसारखी, तर दुसरी तंबाखूतील निकोटिनसारखी. त्यावरून अॅसिटिलकोलीनच्या ग्राहींना मस्करिनिक आणि निकोटिनिक ही नावे पडली. या दोघा शास्त्रज्ञांना १९३६ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मस्करिनिक ग्राहींचे पुढे पाच उपप्रकार ठरले. त्यांपैकी तीन आपल्या कामाचे आहेत. एम-१ हा मेंदूच्या बाह्यकात आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात विपुल असतो, आणि नवीन गोष्ट मनात रुजविण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. एम-२ हा हृदयात असतो, तसाच मेंदूत मुख्यतः निरोप पाठविणाऱ्या टोकावर राहून किती द्रव्य सोडावे याचे नियमन करतो. एम-३ हा श्वासनलिका, लालाग्रंथी, आतडी व मूत्राशय यांत असतो. एकच द्रव्य दम्यात आराम देते, तोंड कोरडे करते, मलमूत्र अडविते आणि मनही भ्रमित करते, याचे कारण ग्राहींच्या या वाटणीत आहे.

अल्झायमरच्या विकारात ग्राहींचे काय होते

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला साधी नावे आठवत नसत. आलोइस अल्झायमर यांनी तिची टिपणे ठेवली. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती निवर्तल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथे निष्कर्ष मांडले. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेली तंतूंची गुंतवळ त्यांना दिसली. पुढे बाहेरील थर अॅमिलॉइड प्रथिनाचे आणि आतील गुंतवळ टाउ प्रथिनाची असल्याचे सिद्ध झाले. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले.

थर आणि गुंतवळ ही व्याधीची खूण झाली, पण विस्मृती नेमकी कशाने येते? १९७६ साली डेव्हिस आणि मॅलोनी यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत अॅसिटिलकोलीन तयार करणारे विकर फार घटलेले असल्याचे दाखविले. १९८२ साली व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी, मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि साऱ्या बाह्यकास अॅसिटिलकोलीन पुरविणाऱ्या चेतापेशींचा समूहच नष्ट होत असल्याचे निदर्शनास आणले. म्हणजे निरोप्या जेथून निघतो ते ठाणेच ओस पडते.

ग्राहींवर याचे परिणाम सारखे होत नाहीत. निरोप पाठविणाऱ्या टोकावरील एम-२ ग्राही, ती टोकेच नाहीशी होत असल्याने, घटतात. निकोटिनिक ग्राही, त्यांतही ज्यांची अॅसिटिलकोलीनशी ओढ अधिक ते, लक्षणीय प्रमाणात कमी होतात. मात्र निरोप घेणाऱ्या पेशीवरील एम-१ ग्राहींची संख्या बरीचशी टिकून राहते. त्यांची पेशीच्या आतील यंत्रणेशी असलेली जोड दुबळी होते, पण ग्राही स्वतः जागेवर असतात. विहिरीचे झरे आटले आहेत, पण पोहरा आणि रहाट शाबूत आहेत, अशी ही अवस्था असते. झिरपेल तेवढे पाणी अजून वर येऊ शकते.

ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या द्रव्याच्या ग्राहींमध्येही बिघाड होतो. त्यांपैकी एनएमडीए या प्रकारचा ग्राही नवीन स्मृती पक्की करण्यास आवश्यक असतो, पण तो सतत उत्तेजित राहिला तर पेशीत कॅल्शियम भरून पेशीची हानी होते. मेमँटिन हे आधुनिक औषध या अतिरिक्त उत्तेजनास आवर घालते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधे अॅसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकरास रोखून, उरलेले थोडे द्रव्य फटीत अधिक काळ टिकू देतात. त्यांनी लक्षणांत काही काळ मर्यादित उतार पडतो, व्याधी थांबत नाही. अॅमिलॉइडचे थर काढणारी लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही शिरेतून द्यावयाची औषधे अनुक्रमे २०२३ व २०२४ साली अमेरिकेत मान्य झाली. ती आरंभीच्या अवस्थेतच उपयोगी, परिणामाने माफक, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असलेली आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. डोनेपेझिलसारख्या औषधांचा सारा भरवसा टिकून राहिलेल्या ग्राहींवर आहे. तेच झाकले गेले तर ते औषध काय करणार?

धत्तूराने दिलेला पुरावा

अॅसिटिलकोलीन आणि स्मृती यांचा संबंध मनुष्यात दाखविणारा एक महत्त्वाचा प्रयोग १९७४ साली ड्राखमन आणि लेव्हिट यांनी केला. त्यांनी निरोगी तरुणांस स्कोपोलामिन हे द्रव्य देऊन त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. त्या तरुणांचे स्मरण वृद्धांच्या स्मरणाप्रमाणे उणावले. द्रव्याचा अंमल उतरताच ते पूर्ववत झाले. स्कोपोलामिन मस्करिनिक ग्राहींवर जाऊन बसते, स्वतः निरोप देत नाही आणि अॅसिटिलकोलीनलाही जागा देत नाही. आजही स्मृतिवर्धक औषधांची परीक्षा करताना प्रयोगशाळेतील प्राण्यांत विस्मृती निर्माण करण्यासाठी हेच द्रव्य वापरले जाते.

हे स्कोपोलामिन आपल्यास परके नाही. कृष्णाकाठच्या पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला, उकिरड्याशेजारी उगवणाऱ्या आणि महाशिवरात्रीस महादेवास वाहिल्या जाणाऱ्या धोत्र्यात ते असते, आणि त्याच्या जोडीला हायोसायमिन व अॅट्रोपिन ही त्याच कुळातील द्रव्येही असतात. खुरासनी ओव्यातही, म्हणजे पारसिक यवानीतही, हीच द्रव्ये आहेत.

आपल्या निघंटुकारांना ग्राही ठाऊक नव्हते, पण द्रव्याचा गुण पुरता ठाऊक होता. धत्तूराच्या पर्यायनामांकडे पाहावे. उन्मत्त, मदन, कितव, महामोही! कनक आणि शिवप्रिय या नावांच्या बरोबरीने ही नावे आली आहेत. मनास मोह पाडणारे, उन्माद आणणारे असे हे द्रव्य आहे, हा इशारा नावातच कोरून ठेवलेला आहे. १९७४ च्या प्रयोगाने त्या इशाऱ्यास ग्राहीचा पत्ता जोडून दिला, इतकेच.

आपल्या कपाटातील धत्तूर

हे विवेचन ग्रंथापुरते राहू नये म्हणून आपल्या कपाटाकडे वळू. श्वासकासात आपण सर्रास वापरतो तो कनकासव. त्याच्या नावातील कनक म्हणजे धत्तूरच. श्वासनलिकेतील एम-३ ग्राही रोखले गेल्याने स्नायूंचा आकुंचनभाव सुटतो आणि रुग्णास मोकळे वाटते. हा त्याचा गुण खरा आणि उपयोगाचा आहे. अम्लपित्तात आपला पहिला हात ज्याकडे जातो त्या सूतशेखरात शुद्ध धत्तूरबीज आहे. नारदीय लक्ष्मीविलासात आहे, कनकसुंदरात आहे. त्रिभुवनकीर्तीस धत्तूरस्वरसाची भावना असते. निद्रानाश व रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात खुरासनी ओवा येतो.

या कल्पांची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. योग्य युक्तीने विषही उत्तम औषध होते आणि अयुक्तीने उत्तम औषधही विष ठरते, हा चरकांचा सिद्धांत आपण सारेच शिरोधार्य मानतो. सूतशेखरातील धत्तूराचा अंश अल्प असतो, आणि गोदुग्धातील स्वेदनाने बीजांची तीव्रता उतरते. तरीही शोधन म्हणजे द्रव्याचा निःशेष लोप नव्हे. ग्राहीवर बसणारी द्रव्ये सर्वस्वी नाहीशी झाली, तर ज्या गुणासाठी धत्तूर योजला तो गुणही उरणार नाही. तेव्हा प्रश्न असा की हा अल्प अंश कोणाच्या शरीरात, किती दिवस आणि कशाच्या सोबतीने जात आहे.

या संदर्भात आधुनिक औषधनिर्मितीतील एक गोष्ट उद्बोधक आहे. दम्यात ओढावयाच्या औषधांत इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही द्रव्ये आहेत. दोहोंची जडणघडण अॅट्रोपिनच्या वंशातीलच, पण त्यांच्या रेणूत असा बदल केला आहे की रक्तातून मेंदूत शिरण्यास त्यांना मोठा अटकाव होतो. फुप्फुसातील ग्राही रोखावेत आणि मेंदूतील ग्राहींना धक्का लागू नये, हा त्यामागील हेतू. धत्तूरातील मूळ द्रव्यांना असा अटकाव नाही. ती मेंदूत पोहोचतात. तरुण रुग्णाच्या मेंदूत अॅसिटिलकोलीनचा पुरवठा भरपूर असल्याने हा भार सहज पेलला जातो. ज्या वृद्धाचा पुरवठाच आटला आहे, त्याचा तोल थोड्या भारानेही ढळू शकतो.

भाराचा हिशेब

आधुनिक औषधांपैकीही अनेक औषधे याच ग्राहींवर बसतात, आणि त्यांतील काही औषधांच्या दुकानात रोज मागितली जातात. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, खाज व मळमळीसाठीचे प्रोमेथॅझिन, झोप व नसांच्या दुखण्यासाठीचे अॅमिट्रिप्टिलिन, कंपवातातील ट्रायहेक्सिफेनिडिल, वारंवार लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन ही त्यांची ठळक नावे. या सर्वांचा मिळून होणारा परिणाम म्हणजे ग्राहींवरील एकत्रित भार.

एक उदाहरण मांडतो. ते कोणा एका रुग्णाचे नव्हे. अशी गाठोडी आपल्या सर्वांच्या परिचयाची असल्याने रचलेले आहे. पंचाहत्तर वर्षांचे एक शेतकरी. थंडीत दमा उचल खातो म्हणून कनकासव चालू. छातीत जळजळते म्हणून सूतशेखर. नाक गळू लागले तेव्हा दुकानातून आणलेली सर्दीची गोळी. पायांची आग होते म्हणून मुलाने मुंबईहून पाठविलेली, रात्री घ्यावयाची अॅमिट्रिप्टिलिन. विसरतात म्हणून शहरातील डॉक्टरांनी सुरू केलेले डोनेपेझिल. डोनेपेझिलने लघवीची घाई वाढली, तर ती नवी तक्रार समजून कोणी दिलेले ऑक्सिब्युटिनिन. प्रत्येकाने आपापल्या परीने योग्य तेच दिले. पण सारे एकत्र पाहिले तर एक औषध दार उघडू पाहते आणि पाच औषधे तेच दार आतून लावून घेतात. मग घरचे म्हणतात, आजोबांचा आजार झपाट्याने वाढला. प्रत्यक्षात वाढला तो व्याधी की भार, हे तपासल्याविना सांगता येणार नाही.

दीर्घकाळच्या परिणामांविषयीही अभ्यास झालेले आहेत. २०१५ साली अमेरिकेतील ग्रे आणि सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील ३,४३४ व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. ज्यांनी अशी ग्राहीरोधक औषधे सर्वाधिक प्रमाणात घेतली होती, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा ५४ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१८ साली ब्रिटनमध्ये ५८,७६९ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात नैराश्य, कंपवात व मूत्राशयाच्या अशा औषधांशी संबंध दिसला, तर अॅलर्जीच्या औषधांशी तसा दिसला नाही. हे संबंध आहेत, कार्यकारणभावाचा निर्णायक पुरावा नव्हे. या अभ्यासांत धत्तूरकल्पांचा समावेशही नव्हता. तरीही तत्काळ होणारी विस्मृती आणि भ्रम याविषयी दुमत नाही, आणि तो परिणाम औषध काढल्यावर बहुधा उतरतो. वैद्याच्या हाती असलेली ही मोठी संधी आहे. अल्झायमरने गेलेली पेशी आपल्यास परत आणता येत नाही, पण औषधाने झाकलेला ग्राही मोकळा करता येतो.

मेध्य द्रव्ये आणि ग्राही

आता मेध्य द्रव्यांकडे वळू. चरकसंहितेतील चार मेध्य रसायने, म्हणजे मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क, आपल्यास मुखोद्गत आहेत. ग्राहींच्या दृष्टीने अधिक अभ्यास झाला तो अश्वगंधेचा. १९९७ साली जर्मनीतील लाइपझिग येथील श्लीब्स यांनी भारतीय संशोधकांच्या सहकार्याने पांढऱ्या उंदरांना अश्वगंधेचा प्रमाणित अर्क दिला, तेव्हा मेंदूच्या काही भागांत एम-१ ग्राहींशी होणारे बंधन वाढलेले आढळले. ग्लुटामेटच्या ग्राहींत तसा बदल दिसला नाही.

२०१२ साली मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना अश्वगंधामूळाचा अर्क महिनाभर तोंडावाटे दिला. त्यांची वर्तणूक सुधारली आणि मेंदूतील अॅमिलॉइड घटले. विशेष असे की हा परिणाम मेंदूतून नव्हे, तर यकृतातून घडत होता. रक्तातील अॅमिलॉइड उचलून घेणारा एलआरपी नावाचा ग्राही यकृतात वाढला होता, आणि यकृतातील तो ग्राही निष्क्रिय करताच औषधाचा परिणाम नाहीसा झाला. स्मृतीची चिकित्सा केवळ शिरात शोधू नये, अग्नी व धातूंचाही विचार करावा, असे मानणाऱ्या आपल्या परंपरेस हा निष्कर्ष विचारप्रवृत्त करणारा आहे.

तथापि हे दोन्ही प्रयोग उंदरांवरील आहेत, याचा विसर पडू देऊ नये. ब्राह्मीविषयी २००८ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरील निरोगी व्यक्तींना बारा आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम अर्क देऊन केलेल्या चाचणीत शब्दस्मरणात सुधारणा दिसली. ते निरोगी वृद्ध होते, अल्झायमरचे रुग्ण नव्हते. अल्झायमरचा विकार कोणत्याही मेध्य द्रव्याने बरा होतो असे म्हणण्याजोगा पुरावा आज नाही. रुग्णाच्या नातलगांस तसे आश्वासन देणे शास्त्रास आणि आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेस बाधक होईल.

द्रव्याच्या ओळखीचाही प्रश्न आहे. बाजारात ब्राह्मी म्हणून कधी बॅकोपा, तर कधी मंडूकपर्णी मिळते. शंखपुष्पीच्या नावाखाली विष्णुक्रांता आणि गोकर्णही येतात. वनस्पतीच बदलली तर तिच्या अभ्यासाचा आधार घेणे व्यर्थ होय. साताऱ्याच्या आयुर्वेदीय अर्कशाळेसारख्या औषधनिर्मितीचा वारसा लाभलेल्या आपल्या जिल्ह्यात तरी या बाबतीत ढिलाई शोभणार नाही.

व्यवहारात काय करावे

संक्षेपाने चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, हे सूत्र येथे अक्षरशः लागू पडते. मेध्य द्यावयाचे ते द्यावेच, पण आधी ग्राहींवर बसलेले उतरवावे. त्यासाठी वैद्यबंधू-भगिनींनी पुढील क्रम पाळावा, असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट, विस्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाच्या घरातील सारी औषधे, आपली, डॉक्टरांची आणि दुकानातून परस्पर आणलेली, एका पिशवीत घालून आणावयास सांगावी. तोंडी विचारले तर काढे, चूर्णे आणि आसवे औषध म्हणून मोजली जात नाहीत.

दुसरी गोष्ट, ग्राहीरोधाची चिन्हे पाहावीत. जीभ व घसा कोरडा, बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी जलद, मलावरोध, लघवी अडखळत होणे आणि सायंकाळी वाढणारा भ्रम ही ती चिन्हे होत. पौरुषग्रंथी वाढलेल्या वृद्धास आणि काचबिंदूच्या रुग्णास धत्तूरकल्प देताना तर विशेष जपावे.

तिसरी गोष्ट, स्मृतिदोष असलेल्या रुग्णास श्वास किंवा अम्लपित्तासाठी धत्तूरविरहित पर्याय योजावा. श्वासात वासा, कंटकारी, भारंगी व सितोपलादी, अम्लपित्तात शतावरी, यष्टिमधू, आमलकी व कामदुधा असे पर्याय आपल्या हाताशी आहेत. धत्तूरकल्प अटळच असेल तर मात्रा लहान, कालावधी मोजका आणि पुनर्तपासणीचा दिवस निश्चित असावा. दम्याचा वेग तीव्र असेल, तर पर्यायांत वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

चौथी गोष्ट, डॉक्टरांनी दिलेले औषध आपण परस्पर बंद करू नये. अॅमिट्रिप्टिलिन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल एकाएकी थांबविल्याने अपाय होऊ शकतो. आपली शंका चिठ्ठीवर लिहून संबंधित डॉक्टरांस कळवावी.

पाचवी गोष्ट, प्रत्येक विस्मृती अल्झायमरची नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता, नैराश्य, श्रवणदोष किंवा पडल्यानंतर मेंदूभोवती साकळलेले रक्त यांनीही विस्मृती येते, आणि यांतील बहुतेकांवर उपाय आहे. काही दिवसांतच उद्भवलेला भ्रम तर तातडीने तपासावयास हवा. अशा रुग्णास कऱ्हाड किंवा साताऱ्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये.

औषधालयांच्या मालकांची जबाबदारीही तितकीच आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये धत्तूर आणि पारसिक यवानी या दोहोंचा समावेश असून, ज्या पोटात घ्यावयाच्या कल्पांत ती द्रव्ये आहेत त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना बारीक अक्षरांत असते आणि वृद्ध ग्राहकास वाचता येत नाही. तेव्हा ती वाचून दाखविण्याचे काम गल्ल्यावरील माणसाचे आहे. कनकासवाची बाटली वारंवार नेणाऱ्या वृद्धास, “काका, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?” एवढे विचारले तरी पुष्कळ साधेल. ज्या कल्पांत ही दोन द्रव्ये आहेत त्यांची एक यादी करून कपाटाच्या आतील बाजूस चिकटवावी, आणि सर्दीच्या गोळीबरोबर अशा कल्पाची मागणी आल्यास ग्राहकास आधी वैद्याकडे पाठवावे.

कुटुंबीयांशी बोलणे हाही चिकित्सेचाच भाग आहे. आजोबा हट्टीपणा करीत नाहीत, त्यांच्या मेंदूत निरोपच पोहोचत नाही, हे समजावून सांगितले तर घरातील चिडचिड ओसरते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी अशाच एका संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. नातलगांना तो पाहावयास सांगावा. व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

दशविध परीक्षेत वयाचा स्वतंत्र निर्देश आपल्या आचार्यांनी केला आहे. तिशीतील श्वासरुग्णास जो कनकासव हितकर, तोच पंचाहत्तरीतील विसराळू रुग्णास अहितकर ठरू शकतो, हे त्या परीक्षेचे आजच्या भाषेतील एक उदाहरण मानावे. अल्झायमरच्या विकारात शेवटपर्यंत तग धरून राहणारे थोडे ग्राही हीच त्या वृद्धाची शिल्लक आहे. आपल्या हातून त्या शिल्लकीस धक्का लागू नये, यासाठी येत्या आठवड्यात प्रत्येक सभासदाने आपल्या नियमित वृद्ध रुग्णांपैकी निदान पाच जणांच्या औषधांची पिशवी उघडून पाहावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.